आधी निशाणं बघा, मग किंमत विचारा

या महिन्याच्या टपालात समुद्रावरच्या लढायांच्या चित्रांविषयी बरीच पत्रं आली. पहिल्या पत्रातल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण तिथे एक चित्र खरोखरच धोक्यात आहे. म्हणून बाकीची उत्तरं आटोपशीर ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, सावईवेऱ्याला आमचं जुनं घर आहे. वसरीत पणजोबांच्या काळापासून एक मोठं चित्र टांगलेलं आहे. पणजी शहरात एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी ते घेतलं असं सांगतात. चित्रात शिडांची मोठी जहाजं, धूर आणि जाळ आहे, मागे डोंगर आहेत. काही जहाजांवर चंद्रकोरीचं लाल निशाण दिसतं, एकावर पांढऱ्यावर निळी तिरपी फुली आहे आणि एकावर कोरं पांढरं निशाण आहे. ते जहाज शरण आलेलं, असं आजोबा सांगायचे. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, ही ट्राफल्गारची लढाई आहे, परदेशात लाखो रुपये येतील, मी घेऊन जातो. आम्ही दर वर्षी चवथीआधी चित्र ओल्या फडक्याने पुसून खोबरेल लावतो. चार दिवस छान चमकतं, मग पुन्हा काळवंडतं. मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतो आहे. हे काय आहे आणि काय करावं? — एक वाचक, सावईवेरे

उत्तर : सगळ्यात आधी ते खोबरेल थांबवा. हे पत्र वाचाल त्या दिवसापासून एक थेंबही लावू नका. का, ते पुढे सांगते.

ही लढाई ट्राफल्गारची नाही. ट्राफल्गार 21 ऑक्टोबर 1805 ची, स्पेनच्या किनाऱ्याबाहेर, उघड्या समुद्रावरची. तिथे एका बाजूला इंग्रज होते, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि स्पॅनिश. चंद्रकोरीचं निशाण त्या लढाईत असण्याचं कारणच नाही. शिवाय तुमच्या चित्रात डोंगर अगदी जवळ आहेत, पाणी कोंडलेलं आहे. बारकाईने पाहिलंत तर बहुतेक जहाजांची शिडं आडव्या काठ्यांवर गुंडाळलेली आहेत. म्हणजे ही जहाजं नांगर टाकून लढताहेत.

चंद्रकोरीचं लाल निशाण तुर्कांचं. निळ्या तिरप्या फुलीचं रशियन आरमाराचं. आणि कोरं पांढरं निशाण शरणागतीचं नाही, ते फ्रेंचांचं आहे. नेपोलियन हरल्यावर फ्रान्समध्ये पुन्हा बूर्बों घराण्याचे राजे गादीवर आले. त्यांनी तिरंगा काढून टाकला आणि आपलं पांढरं निशाण पुन्हा फडकवलं. 1830 च्या क्रांतीनंतर तिरंगा परत आला. म्हणजे तुमच्या चित्रातली लढाई 1815 ते 1830 च्या दरम्यानची. त्या वर्षांत रशियन, फ्रेंच आणि इंग्रज एका बाजूला आणि तुर्क दुसऱ्या बाजूला, अशी डोंगरांनी वेढलेल्या खाडीतली लढाई एकच : नावारिनो, ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाला, 20 ऑक्टोबर 1827. आजोबांनी ज्याला शरण आलेलं जहाज म्हटलं ते जिंकणाऱ्यांपैकी होतं. घरात हे आवर्जून सांगा.

त्या दिवशी तुर्क आणि इजिप्तचं आरमार खाडीत घोड्याच्या नालाच्या आकारात नांगरून उभं होतं. तीन मित्रराष्ट्रांची मिळून 27 जहाजं आत शिरली आणि त्यांच्या समोरच नांगर टाकून उभी राहिली. एका अग्निनौकेवरून, म्हणजे पेटवून शत्रूवर सोडायच्या होडीवरून, कुरबूर झाली. इंग्रजांच्या एका होडीवर गोळ्या सुटल्या आणि मग तोफांना तोफा भिडल्या. सुमारे चार तासांत तुर्की-इजिप्शियन आरमाराचा बहुतेक भाग जळाला किंवा बुडाला. मित्रराष्ट्रांचं एकही जहाज बुडालं नाही. केवळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग इथे मोकळा झाला.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोच्या मध्यभागी असलेलं इंग्रजांचं मोठं जहाज पाहा. त्याची मागची डोलकाठी तुटून लोंबते आहे. नावारिनोला इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता त्या ‘एशिया’ची मागची डोलकाठी लढाईत अशीच कोसळली होती, त्यामुळे चित्रकाराने बहुधा तेच दाखवलं आहे. ही ‘एशिया’ मुंबईची. 84 तोफांचं हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधून 1824 साली पाण्यात सोडलं. बांधणारे नवरोजी जमशेटजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान. ग्रीसच्या समुद्रात तोफांचा मारा ज्या फळ्यांनी सोसला त्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तासल्या होत्या. तुमच्या घरी कोणी मुलं असतील तर चित्रासमोर उभं करून त्यांना हे जहाज दाखवा. मला हे चित्र यासाठीच मोलाचं वाटतं, त्याची बाजारातली किंमत काही का असेना.

आता हे तैलचित्र आहे की छापील, ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघर पोचली. त्यातल्या काहींवर वार्निश देऊन, कापडाच्या विणीचा ठसा उठवून ती तैलचित्रासारखी केली जात. रविवर्मांच्या छापखान्यातली चित्रं आपल्याकडे ठाऊक आहेत, पण युरोपातूनही अशी खूप आली. ओळखायचं असेल तर रात्री दिवे मालवून टॉर्चचा झोत चित्राच्या कडेने, अगदी तिरपा टाका. तैलचित्रात धुराच्या कडांवर, लाटांच्या माथ्यावर रंगाचे उंचवटे दिसतील आणि ते चित्रातल्या आकारांबरोबर वळतील. छापील चित्रात वीण सगळीकडे एकसारखी दिसेल, आकाशातही आणि जहाजावरही. मग भिंगातून एखादा करडा भाग बघा. छापलेला रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो. सुई टोचून किंवा नखाने खरवडून बघू नका.

तुमच्या चौथ्या फोटोत पाठीमागचं कापड दिसतं. धागे कमी-जास्त जाडीचे आहेत. खालच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघून खालचा पांढरा थर उघडा पडला आहे. समोरच्या भेगांची जाळी कापडाच्या ताणाप्रमाणे गेली आहे. यावरून हे तैलचित्र असावं असं मला वाटतं. सही दिसत नाही. नावारिनोची चित्रं तेव्हा युरोपात खूप निघाली. त्यातलं गाजलेलं एक आंब्रोआज लुई गार्नरे याचं, व्हर्सायच्या संग्रहालयातलं. हा गार्नरे आधी खलाशी होता. 1806 साली इंग्रजांच्या हाती लागला आणि 1814 पर्यंत पोर्टस्मथच्या बंदरात तुरुंग बनवलेल्या जुन्या जहाजांवर कैदी म्हणून राहिला. तिथेच चित्रं काढून विकायचा. अशा नावाजलेल्या चित्रांच्या कोरीव छापा निघत, आणि त्या समोर ठेवून अनाम चित्रकार तैलरंगात नकला करत. तुमचं चित्र त्या वाटेने आलेलं असण्याचा संभव मोठा आहे. नक्कल म्हणजे फसवणूक असं समजू नका. ज्या माणसाने ही डोलकाठी आणि हे पांढरं निशाण इतक्या निगुतीने रंगवलं, त्याने मनापासून काम केलं आहे.

आता देखभाल. तैलरंगात वापरतात ते जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. खोबरेल कधीच तसं सुकत नाही. ते चिकट राहतं, उदबत्तीचा आणि चुलीचा धूर, धूळ, सगळं धरून ठेवतं आणि पावसाळ्यात बुरशीला खाद्य पुरवतं. दर वर्षीचं काळवंडणं त्याचंच. ओल्या फडक्याचं पाणी भेगांतून आत शिरतं, कापड फुगतं, सुकताना आक्रसतं आणि रंग सुटतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या चित्रांत वाळवीने बिघडलेली थोडी आणि चवथीच्या साफसफाईत बिघडलेली जास्त असतात, हे मी कळवळून सांगते. बटाटा, लिंबू, पावाचा गर, साबण यांपैकी काहीही लावू नका. पोपडे निघत नसतील तिथे मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने वरून खाली अलगद धूळ झाडा. जिथे रंग उचलला गेला आहे त्या कोपऱ्याला हातसुद्धा लावू नका.

वसरीची ती भिंत बाहेरची आहे, चिऱ्याची आहे, आणि पागोळ्यांचं पाणी तिच्या पायाशी पडतं. पावसाळाभर ती ओल सोडत राहते. चित्र आतल्या भिंतीवर हलवा. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत पाणी धरतं. दुपारचं ऊन थेट पडेल अशी जागा नको. महिन्यातून एकदा मागची बाजू बघा, झुरळांची अंडी आणि वाळवीची माती तिथे आधी दिसते. खोबरेलाचा थर काढण्याचं काम मात्र घरी करायचं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. नेताना चित्र गुंडाळू नका, चौकटीसकट उभंच न्या.

आणि व्यापाऱ्याचं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जो माणूस परदेशातल्या लाखांची गोष्ट करतो त्याला एवढंच सांगा आणि चित्र त्याच्या हाती देऊ नका.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. इंग्रज चित्रकार टर्नरचं ट्राफल्गारचं चित्र वर्गात दाखवलं. एका मुलीने इंटरनेटवर वाचून विचारलं की यातल्या घटना एका वेळी घडल्याच नव्हत्या, मग हे चित्र खोटं का नाही? मला नीट उत्तर देता आलं नाही. — एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : मुलीचं वाचन बरोबर आहे. इंग्लंडचा राजा चौथ्या जॉर्जने सेंट जेम्स राजवाड्यासाठी हे चित्र सांगितलं, आणि टर्नरने 1822 ते 1824 या काळात ते केलं. सुमारे साडेआठ फूट उंच आणि बारा फूट रुंद. त्यात इंग्रज सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर इशाऱ्याची निशाणं आहेत. नेल्सनने ‘प्रत्येकाने आपलं कर्तव्य करावं’ अशा अर्थाचा जो संदेश दिला त्यातला शेवटचा शब्द ती निशाणं सांगतात. तो संदेश दुपारी बाराच्या जरा आधीचा. डोलकाठीचा वरचा भाग पडला तो एकच्या सुमारास. मागे ‘आशील’ हे फ्रेंच जहाज पेटलं आहे ते संध्याकाळकडचं. आणि पुढे बुडत असलेलं ‘रिदूताब्ल’ बुडालं दुसऱ्या दिवशी. दीड दिवस एका कॅनव्हासवर.

आरमारातल्या लोकांना हे मुळीच रुचलं नाही. चित्र राजवाड्यात लावल्यावर टर्नर तिथेच राहून त्यांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त्या करत होता, तरी त्यांचं समाधान झालं नाही. 1829 साली ते ग्रिनिचला देऊन टाकलं, आज ते तिथल्या सागरी संग्रहालयात आहे. राजाकडून मिळालेलं टर्नरचं हे एकमेव काम.

मुलीला माझ्याकडून एवढं सांगा : टर्नरला वेळापत्रक ठाऊक नव्हतं असं नाही. 1805 च्या डिसेंबरात ‘व्हिक्टरी’ नेल्सनचं शव घेऊन परतली तेव्हा तो स्वतः जाऊन तिची रेखाटनं करून आला होता. त्याला त्या दिवसाचा एक क्षण दाखवायचा नव्हता, सगळा दिवस दाखवायचा होता. आपल्या पटचित्रांत आणि मंदिरांच्या भिंतींवर एकाच चौकटीत राम वनात जातो आणि तोच राम पुढे धनुष्य उचलतो, तेव्हा आपण त्याला खोटं म्हणत नाही. आणि मग चित्राचा खालचा भाग दाखवा. राजाने विजयाचं चित्र मागितलं होतं. टर्नरने सगळ्यात पुढे, बघणाऱ्याच्या पायाशी, पाण्यात धडपडणारी, एकमेकांना ओढणारी, मरणारी साधी माणसं ठेवली. सेनापती कुठे आहे ते शोधावं लागतं, खलाशी शोधावे लागत नाहीत. माझ्या मते आरमारवाल्यांना निशाणांच्या चुकांपेक्षा हेच जास्त बोचलं असेल. तुमच्या वर्गात रापणकारांची मुलं असतील तर ती हा भाग आधी बघतील, त्यांना बोलू द्या.

जोडीला रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचं चेस्माच्या, म्हणजे रशियन आणि तुर्की आरमारांमधल्या, लढाईचं चित्र दाखवा. लढाई 1770 ची, चित्र 1848 चं. त्याचा जन्मच 1817 चा, म्हणजे पाहिलेलं काहीच नाही. समुद्र समोर बसून रंगवता येत नाही, तो आठवणीतूनच रंगवावा लागतो, असं तो मानायचा. रात्र, पेटलेली जहाजं, वर ढगातून चंद्र : एक उजेड तांबडा, एक थंड. मुलांना दोन्ही उजेड पाण्यावर कुठे कुठे पडलेत ते बोटाने दाखवायला सांगा. तासभर पुरेल एवढा अभ्यास त्यात आहे.

प्रश्न : युरोपातल्या या लढायांचा आपल्या गोव्याशी काही संबंध आहे का, की आपण उगाच त्यात रमतो? — इतिहासाचा विद्यार्थी, डिचोली

उत्तर : आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. 5 जुलै 1833 रोजी पोर्तुगालच्या केप सेंट व्हिन्सेंटजवळ दोन पोर्तुगीज आरमारं आपसात लढली. एक राजा मिगेलचं, दुसरं राज्यघटना मागणाऱ्या उदारमतवाद्यांचं. उदारमतवाद्यांचा सेनापती चार्ल्स नेपियर हा इंग्रज. त्याच्याकडे जहाजं लहान आणि तोफा कमी होत्या. दुरून तोफांची मारामारी करण्यात फायदा नव्हता, म्हणून त्याने जहाजं थेट भिडवली आणि त्याची माणसं समोरच्या डेकवर उड्या घेऊन लढली. मोरेल-फातियो या फ्रेंच चित्रकाराने ही लढाई रंगवली आहे. त्याच महिन्यात, 24 जुलैला, लिस्बन उदारमतवाद्यांच्या हाती आलं. पुढच्या वर्षी मिगेल हरला. नव्या सरकारने गोव्याचा कारभार तिसवाडीतल्या नेवऱ्याच्या बेर्नार्दु पेरिश द सिल्वा यांच्याकडे सोपवला. पोर्तुगीज अमदानीत या पदावर बसलेले हे एकमेव गोमंतकीय. जानेवारी 1835 मध्ये त्यांनी सूत्रं घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत लष्कराने बंड करून त्यांना हुसकावलं. गोमंतकीय माणूस आपल्याच भूमीचा कारभार पाहू शकतो ही गोष्ट त्या तोफांच्या धुरातून इथवर आली आणि इथेच दाबली गेली. मोरेल-फातियोचं चित्र कधी पाहिलंत तर हे आठवा.

गोव्याच्या पाण्यातली लढाई हवी असेल तर आणखी मागे जावं लागेल. 30 सप्टेंबर 1639 ला डचांनी गोव्याच्या बंदरात तीन पोर्तुगीज गलबतांवर हल्ला केला. त्याचं हेंड्रिक व्हान अँथोनिसनने 1653 साली काढलेलं तैलचित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आणि एकोणिसाव्या शतकातलं लाकडी लढाऊ जहाज कसं असायचं ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया’ आहे. दमणला नगर हवेलीच्या सागवानात बांधून 1843 साली पाण्यात सोडलं, मग गोव्याला आणून शिडं-दोर चढवले आणि 1845 साली ते इथून लिस्बनला निघालं. 1963 साली ते आगीत जळालं होतं. नंतर पुन्हा बांधून लिस्बनसमोरच्या काठावर, कासील्यशला संग्रहालय म्हणून उभं आहे. तिकडे नातेवाईक असलेल्या गोवेकरांनी ते जरूर पाहावं.

प्रश्न : इतक्या लांब जाणं शक्य नाही. गोव्यातच समुद्रावरच्या लढाईचं काही जुनं पाहायला मिळेल का? — एक गृहिणी, वास्को

उत्तर : मिळेल, पण रंगात नाही, दगडात. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत, त्यात नौकायुद्ध कोरलेला वीरगळही आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरलाही असे दगड आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे तो. वल्ही मोजा, धनुष्यं शोधा. त्याच इमारतीत गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं आहेत. ही मालिका तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रु याने 1547 साली सुरू करवली. पुढच्या शतकांत त्यातल्या अनेकांवर पुन्हा पुन्हा रंग चढवला गेला. एखाद्या चेहऱ्याजवळ तिरपं उभं राहून बघितलंत तर रंगाचे थर कुठे जाड झालेत ते दिसेल. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तो वार टाळा.